रिपीटरला डिरेक्शनल अँटेना लावायचाय? नवीन मंडळींसाठी माझे अनुभव

हौशी रेडिओचं (हॅम) नवीन लायसन्स मिळालेली मंडळी रिपीटरच्या (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेला आवाज लगेच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुढे पाठवणाऱ्या स्टेशनच्या) कामात मदतीला येतात तेव्हा बहुतेकांचं पहिलं म्हणणं हेच असतं की अमुक भागात आवाज तुटतो ना, मग तिकडे तोंड करून एक यागी, म्हणजे एकाच दिशेला जोर देणारा डिरेक्शनल अँटेना, लावून टाकू. कल्पना चांगली आहे, मी पण बरीच वर्षं यावरच प्रयोग करतोय, घरच्या स्टेशनवर, उंचावरच्या रिपीटरवर, दोन रिपीटरमधल्या लिंकवर. पण एक गोष्ट आधी पक्की करा. अँटेना पॉवर तयार करत नाही, त्याला मिळालेले वॉट तो एका दिशेचे काढून दुसऱ्या दिशेला देतो, एवढंच. म्हणजे रिपीटरवर डिरेक्शनल लावायचा तर कुणाचं कव्हरेज कमी करायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि तो निर्णय रिपीटर वापरणाऱ्या सगळ्यांना विचारून घ्यायचा असतो.

म्हणून सुरुवात घरच्या बाजूने करा, तिथे कुणाचं काही जात नाही. यागीचा शोध जपानमध्ये १९२६ साली उदा आणि यागी या दोघांनी लावला आणि आजही शिकायला त्याच्यासारखा दुसरा अँटेना नाही. १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण २.०७ मीटर, यागीचा एकेक एलिमेंट (धातूची काडी) त्याच्या निम्मा, म्हणजे साधारण एक मीटरचा, तीन एलिमेंटचा यागी पीव्हीसी पाइप आणि स्टीलच्या मेजर टेपच्या पट्ट्यांतून सहज बनतो. साध्या डायपोलपेक्षा (मधोमध केबल जोडलेल्या एकाच एलिमेंटपेक्षा) ५ डीबी, म्हणजे साधारण तिप्पट ताकद, जास्त मिळाले तरी ५ वॉटचा हँडसेट त्या दिशेला डायपोलवरच्या १५ वॉटच्या सेटसारखा ऐकू जातो, आणि ऐकण्याच्या बाजूनेही तोच फायदा मिळतो. गेनचे (त्या दिशेला वाढलेल्या ताकदीचे) आकडे वाचताना मात्र डीबीआय (सगळीकडे सारखं पसरवणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत) लिहिलंय की डीबीडी (डायपोलच्या तुलनेत) ते बघा, दोन्हीत २.१५ चा फरक आहे आणि जाहिरातीत नेहमी मोठा आकडाच छापलेला असतो.

एलिमेंट उभे ठेवा. एफएम रिपीटर व्हर्टिकल पोलरायझेशनवर (उभ्या लहरींवर) चालतात, यागी आडवा लावला तर २० डीबीपर्यंत सुद्धा नुकसान होऊ शकतं, म्हणजे सगळा गेन जाऊन वर आणखी तोटा. आणि उभ्या एलिमेंटच्या मधोमध उभा लोखंडी पाइप आला तर पॅटर्न बिघडतो, त्यामुळे बूम (एलिमेंट बसवलेली दांडी) मागच्या टोकाला धरा किंवा पाइपचा वरचा भाग फायबरचा ठेवा.

यागी हातात आला की तो नुसता रिपीटरकडे रोखून थांबू नका, हळूहळू पूर्ण गोल फिरवा. नकाशावरची दिशा आणि सगळ्यात चांगल्या सिग्नलची दिशा वेगळी निघते असं मला खूपदा दिसलंय, विशेषतः समोर डोंगर आडवा असेल तेव्हा, मग बाजूच्या एखाद्या कड्यावरून किंवा उंच इमारतीवरून परावर्तित होऊन आलेला सिग्नल सरळ दिशेपेक्षा साफ असतो. मला या कामात सगळ्यात जास्त आनंद इथेच मिळतो. दुसरं म्हणजे यागीचा पीक (सगळ्यात जोरदार दिशा) रुंद असतो पण नल (जिकडे जवळपास काहीच जात-येत नाही ती दिशा) अरुंद आणि खोल असतो. त्याच फ्रिक्वेन्सीवर लांबचा दुसरा रिपीटर त्रास देत असेल तर आपला रिपीटर पीकमध्ये आणण्यापेक्षा तो दुसरा नलमध्ये टाकणं जास्त उपयोगी पडतं, कारण एफएममध्ये कॅप्चर इफेक्टमुळे थोडा वरचढ सिग्नलही दुसऱ्याला दाबून टाकतो.

आता रिपीटरच्या बाजूचं बोलू. आधी बघा की खड्डा (संपर्क तुटतो तो भाग) कुठल्या दिशेचा आहे, लोकांना रिपीटर ऐकू येत नाही की रिपीटरला लोक ऐकू येत नाहीत. बहुतेक वेळा दुसरं असतं, कारण रिपीटर ५० वॉट टाकतो आणि हँडसेट ५. अशा वेळी मुख्य अँटेना बदलायची गरजच नसते, खराब भागात फक्त एक वेगळा रिसीव्हर बसवून तो डिरेक्शनल अँटेनाच्या लिंकने जोडायचा आणि व्होटरने चांगला ऑडिओ निवडायचा. काम जास्त आहे पण यात कुणाचं कव्हरेज जात नाही, आणि माझा कल नेहमी याच बाजूला असतो.

मुख्य अँटेनाच बदलायचा असेल तर यागीपेक्षा चार डायपोलची उभी रांग बघा. डायपोल मास्टभोवती चारही बाजूंना वाटले तर साधारण ६ डीबीडी मिळतात, सगळे एकाच बाजूला केले तर साधारण ९, आणि मागे सिग्नल कमी होतो पण अगदी मरत नाही. रिपीटर एखाद्या प्रदेशाच्या कडेला असेल तर हे फार छान बसतं. दोन यागी स्प्लिटर लावून दोन दिशांना करू असं सगळ्यांनाच सुचतं, पण प्रत्येकाला अर्धी पॉवर म्हणजे ३ डीबी कमी, आणि दोघांचे पॅटर्न जिथे एकमेकांवर येतात तिथे लहरी एकमेकींना मारतात आणि नवीनच खड्डे पडतात, गाडीत बसून तिथून गेलात की आवाज फडफडतो. आणि खूप उंच जागेवर जास्त गेनचा अँटेना लावला तर बीम चपटा होऊन पायथ्याच्या लोकांच्या डोक्यावरून जातो, तिथे गेन कमी करणं किंवा डाउनटिल्ट देणं (बीम थोडा खाली झुकवणं) हाच उपाय.

डोंगराच्या सावलीत ३ डीबीने काही होत नाही हे पण मान्य करा, तिथे २०-३० डीबी जात असतात. तिथे उंची वाढवा नाहीतर जागा बदला. रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये साधारण ४.१२ गुणिले उंचीचं वर्गमूळ, उंची मीटरमध्ये, म्हणजे मोकळ्या सपाटीवर १०० मीटरवरून ४१ किलोमीटर. आणि गेन विकत घेण्याआधी केबल बघा, आरजी-५८ या बारीक केबलची १० मीटर लांबी १४५ मेगाहर्ट्झवर साधारण २ डीबी खाते आणि ४३५ वर त्याहून बरीच जास्त.

मोजायचं कसं, तर नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) घ्या पण त्याच्यावर भाळू नका, एसडब्ल्यूआर (किती पॉवर परत येते त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) १.१ तर डमी लोडचाही (पॉवर नुसती उष्णतेत जिरवणाऱ्या रेझिस्टरचाही) येतो. पॅटर्न मैदानातच कळतो. हँडसेटच्या एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या पट्टीवर) विश्वास ठेवू नका, त्याऐवजी अँटेना आणि सेटच्या मध्ये स्टेप ॲटेन्युएटर (सिग्नल ठरावीक डीबीने कमी करणारी डबी) लावा, त्या सेटवरून ट्रान्समिट अजिबात करू नका नाहीतर ॲटेन्युएटर जळेल, आणि सिग्नल स्क्वेल्चच्या (कमजोर सिग्नलला स्पीकर बंद करणाऱ्या सर्किटच्या) काठावर येईपर्यंत डीबी वाढवत जा. प्रत्येक जागी एक-दोन पावलं इकडेतिकडे सरकून चार-पाच रीडिंग घ्या, मल्टिपाथमुळे (वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी एकत्र मिसळल्यामुळे) एक मीटरवर सुद्धा आकडा पार बदलतो. जुना अँटेना असतानाच ही सगळी रीडिंग घेऊन ठेवा, नंतर तुलना करायला दुसरं काही नसतं.

रिपीटरचा अँटेना बदलल्यावर डिसेन्स (स्वतःच्याच ट्रान्समीटरमुळे रिसीव्हर बहिरा होणं) पुन्हा तपासा. कमजोर सिग्नल आत सोडायचा, ट्रान्समीटर बंद असताना किती साफ आहे आणि चालू केल्यावर किती ते ऐकायचं, फरक पडला तर आधी डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर वेगळे ठेवणारा फिल्टर), मग कनेक्टर आणि टॉवरवरचे गंजलेले जोड बघा. टॉवरवर चढणं मात्र ट्रेनिंग घेतलेल्या माणसाचं काम, तो वर असताना ट्रान्समीटर बंद, आणि जवळपास विजेची तार असेल तर मास्ट तिथे उभाच करायचा नाही.