मुंबई कॉमिक कॉनला पहिल्यांदा जाताय? आधी पुठ्ठ्याची नळी शोधा

मुंबई कॉमिक कॉन म्हणजे कॉमिक्स, ती काढणारे आणि त्यांचे चाहते यांचा दोन दिवसांचा मेळावा. त्याची तिकिटं सुटली की दरवेळी मला तीन-चार जणांचे मेसेज येतात, "अरे जायचंय यंदा, काय काय करायचं सांग ना", आणि मी तेच तेच टाइप करत बसतो, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू.

तारीख दरवर्षी सारखी नसते. २०२२ ला नोव्हेंबरात होतं, २०२४ ला थेट एप्रिलात, दोन्ही वेळा बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरला, शनिवार-रविवार. तिकीट ऑनलाइन काढायचं आणि ते दिवसाप्रमाणे वेगळं असतं, त्यामुळे पैसे भरायच्या आधी वार नीट बघा, आमचा एक मित्र रविवारचं तिकीट घेऊन शनिवारी सकाळी अंबरनाथहून येऊन उभा राहिला होता. स्क्रीनशॉट काढून ठेवा, गेटवर सगळ्यांनी एकदम फोन काढले की नेट रडायला लागतं.

जायला सेंट्रल-हार्बरवाल्यांना कुर्ला वेस्टहून शेअर रिक्षा, वेस्टर्नवाल्यांना वांद्रे ईस्टहून. ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रो ३ चं बीकेसी स्टेशन पण झालंय, घाटकोपर-वर्सोवा लाईनवरचे लोक मरोळ नाक्याला बदलून येऊ शकतात. आवडत्या पात्राचा ड्रेस घालून (यालाच कॉस्प्ले म्हणतात) येणाऱ्यांनी तर मेट्रोच धरा, का ते पुढे सांगतो.

आत गेल्यावर नवीन माणूस काय करतो, तर समोर जो सगळ्यात मोठा चकाचक स्टॉल दिसेल तिकडे धावतो, लाईनीत पाऊण तास घालवतो, फोटो काढतो आणि एक टीशर्ट घेऊन दमून बसतो. असं करू नका यार. तो टीशर्ट मॉलमध्येही मिळतो. तिकिटाबरोबर एक कॉमिक, पोस्टर वगैरे देतात ते आधी ताब्यात घ्या आणि पहिले दोन तास सरळ आर्टिस्ट लोकांच्या टेबलांपाशी घालवा. तिथे चित्र काढणारा माणूस स्वतः बसलेला असतो. मुंबईचे अभिजीत किणी, ज्यांचं 'अँग्री मावशी' हे कॉमिक आहे, ते कित्येक वर्षं टेबल लावतायत, तिथे उभं राहून मावशीवर गप्पा मारता येतात, हे दुकानात कुठे मिळणार? होली काऊ, याली ड्रीम असे आपल्याकडचे छोटे प्रकाशकही भेटतात. थेट लिहिणाऱ्या-काढणाऱ्याकडून घेतलं की सही पण मिळते, फक्त नाव कसं लिहायचं ते स्पेलिंगसकट सांगा.

स्केच काढून हवं असेल तर ऑर्डर सकाळीच द्या. दुपारपर्यंत त्यांची यादी भरते आणि मग "आता नाही जमणार" ऐकावं लागतं. भाव आधीच विचारून घ्या, पण घासाघीस करू नका, ही भाजी मंडई नाही. रविवारी संध्याकाळी काही जण स्वतःहूनच "तीन प्रिंट घ्या, चौथी ठेवून घ्या" म्हणतात, तेव्हा खुशाल घ्या. दोन-तीन हजार ठरवून आणा आणि त्यातले निम्मे तरी रोख, शंभर-दोनशेच्या नोटा, कारण यूपीआय गर्दीत गोल गोल फिरत बसतं आणि मागे लाईन तोंड वाकडं करते.

आता नळी. ए-थ्री प्रिंट घेतली, रबरबँड लावला आणि लोकलमध्ये शिरलात की दादरपर्यंत तिची चपाती झालेली असते. कापडाच्या दुकानात ताग्याच्या आत पुठ्ठ्याची जाड नळी असते, ओळखीच्या दुकानदाराकडे मागितली तर अशीच देतो. हातभर कापून घ्या, दोन्ही तोंडांना प्लॅस्टिकची पिशवी आणि सेलोटेप. माझी नळी चार वर्षं टिकलीये.

कॉस्प्ले करणार असाल तर ऐका, हे मी स्वतः भोगलंय. चिलखत ईव्हीए फोमचंच (लहान मुलांच्या खेळायच्या मॅटचा असतो तो) करा, हलकं असतं आणि हीट गनच्या गरम हवेने वळतं, रंगवायच्या आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचे तीन-चार हात द्या म्हणजे रंग फोम पिऊन टाकत नाही. पण जोडायला फेविबॉन्डसारखा डिंक वापरा, दोन्ही बाजूंना लावायचा, हाताला चिकटेनासा झाला की मग दाबायचं. मी आळशीपणा करून सगळं ग्लू गनच्या, उष्णतेने मऊ पडणाऱ्या गोंदाने चिकटवलं होतं. एप्रिल, लोकल, सकाळी दहाची गर्दी, कुर्ल्याला उतरेपर्यंत उजव्या खांद्याचा पत्रा लोंबायला लागला. प्लॅटफॉर्मवर एक मावशी थांबल्या, वरून खाली बघितलं आणि विचारलं, "नाटक आहे का बाळा?" मी म्हटलं हो, समजावत कुठे बसणार. त्यांनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि माझा खांदा मागून असा काही टाचला की संध्याकाळपर्यंत हलला नाही. तेव्हापासून माझ्या बॅगेत सहा पिना असतात, आणि शक्यतो मी साध्या कपड्यात जाऊन तिथेच ड्रेस चढवतो.

खरी धारदार वस्तू, लोखंडी तलवार वगैरे आणू नका, गेटवर तपासतात आणि ठेवून घेतात. नियम आयोजकांच्या साइटवर असतात, एकदा वाचा. कॉस्प्लेच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर नावनोंदणीची वेळ आदल्या दिवशीच बघून ठेवा.

दुसऱ्याच्या ड्रेसचा फोटो हवा असेल तर विचारा, लगेच पोज देतात. जेवत असतील तर थांबा. न विचारता पंखांना, विगला हात लावू नका, आणि मुलींच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी तर अजिबात नाही. कोणी त्रास देत असेल तर सरळ स्टाफला सांगा.

पाण्याची बाटली, पॉवर बँक, चालून चालून रुळलेले जुने बूट, बास. नवे बूट घालून आलेले लोक दुपारी तीनला भिंतीला टेकून बसलेले दिसतील.

आणि निघताना स्केच घ्यायला विसरू नका. मी एकदा विसरलो, कुर्ल्याला तिकिटाच्या लाईनीत आठवलं, आणि परत रिक्षा करून गेलो तर तो आर्टिस्ट बिचारा बॅग भरून माझीच वाट बघत बसला होता.