मृगाआधी जुन्या ट्रॅक्टरचा क्लच बघून घ्या

उन्हाळी नांगरट उरकत आलीय. आता रोहिणी निघायच्या आत जे चार-आठ दिवस मोकळे मिळतात त्यात जुन्या ट्रॅक्टरचा क्लच तपासून घ्या, कारण एकदा का पाऊस पडून वाफसा आला की पेरणीच्या गर्दीत मिस्त्री हाताला लागत नाही आणि भाड्याचा ट्रॅक्टरही वेळेवर येत नाही. बी-275, मॅसी 1035, झेटर 2511 असले ट्रॅक्टर अजून कितीतरी वस्त्यांवर राबतायत. बी-275 तर महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टासनं मिळून 1963 ला सुरू केलेल्या कंपनीचा, पण नीट ठेवला तर आजही पाळी घालतो, ट्रॉली ओढतो. असलं मशीन क्लचपायी भंगारात जाऊ नये असं मनापासून वाटतं.

सगळ्यात आधी पेडलचा प्ले बघा. हातानं पेडल दाबा, सुरुवातीला ते मोकळं जातं आणि मग जड लागतं, तो मोकळा भाग बऱ्याच मॉडेलला पाऊण ते एक इंच असतो, नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तकात मिळेल. प्ले संपला असेल तर पेडल दाबलं की पुढं सरकणारं रिलीज बेअरिंग कायम फिंगरला, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या छोट्या तरफांना, टेकून राहतं, क्लच घसरतो, म्हणजे इंजिनची ताकद चाकांपर्यंत पूर्ण जात नाही, आणि ती ताकद गिअरबॉक्सकडं नेणारी चकती, म्हणजे प्लेट, जळते. जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर कर्रर्र करून पडतो. दोन्हीचा इलाज पेडलपासून क्लचकडं जाणाऱ्या लिंकेजच्या रॉडवर एका पान्यानं होतो, त्यामुळे हे बघितल्याशिवाय इंजिन-गिअरबॉक्स वेगळं करायला कुणालाही हो म्हणू नका.

प्ले बरोबर असूनही घसरतोय का हे बघायला सपाट मोकळ्या जागेत, पुढं-मागं कुणी उभं नसताना, दोन्ही ब्रेक लॉक करा, वरचा गिअर टाका आणि मध्यम रेसवर क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच चांगला आहे, तसंच फिरत राहिलं तर प्लेट गेली. पण ही टेस्ट एकदाच करा, परत परत केली तर चांगली प्लेटही जळेल.

उघडायची वेळ आलीच तर पक्क्या फरशीवर उघडा, शेतात नको. बॅटरीची वायर आधी काढा, मागच्या चाकांना दगड लावा, आणि पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डुलतो ना, तिथं दोन्ही बाजूला लाकडी पाचरी घट्ट ठोका. पाचर नसली तर गिअरबॉक्सपासून सुटलेलं इंजिन बाजूला कलंडतं आणि खाली माणूस असतो. नुसत्या जॅकवर भरवसा नको, दोन्ही भागांखाली भक्कम घोड्या (स्टँड) पाहिजेतच. आतली काळी भुकटी हवेच्या प्रेशरनं उडवू नका, जुन्या प्लेटच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की निघत नाही, तोंडाला चांगला मास्क लावून ओल्या फडक्यानं पुसा.

आता खरा पैसा इथंच वाचतो किंवा वाया जातो. बरेच जण नवी प्लेट टाकून लगेच बंद करतात. अहो, सगळ्यात मोठी मेहनत उघडण्यात गेलीय, मग रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधलं, म्हणजे इंजिनच्या मागच्या जड चाकातलं, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग पण त्याच वेळी बदला ना! पायलट बेअरिंग जाम झालं तर नवी प्लेट टाकूनही गिअर वाजतच राहतो. प्लेटला तेल लागलेलं असेल तर ते कुठून आलं ते शोधा, काळं पातळ असेल तर क्रँकचं मागचं सील, घट्ट उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं. सील न बदलता प्लेट टाकली तर तीही भिजणार, आणि तेल प्यालेली प्लेट पेट्रोलनं धुवून वापरायच्या भानगडीत पडू नका.

फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे दिसतायत का बघा. खोल तडा असेल तर फ्लायव्हील बदला, वरवरचे डाग लेथवर फेस करून, म्हणजे वरचा थर काढून सपाट केल्यावर, जातात. पण प्लेट खोलगट जागेत बसत असेल तर लेथवाल्याला बजावून सांगा की जेवढं आतून काढशील तेवढंच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट बसतात त्या कडेवरूनही काढ, नाहीतर प्रेशर कमी पडतं आणि नवा क्लच पहिल्याच नांगरटीत घसरतो.

बसवताना प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे हे मार्किंग बघून ठरवा, मध्य साधायला जुना शाफ्ट वापरा, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत या. फिंगरची उंची पट्टीनं मोजून सगळ्या सारख्या करा, एक जरी वर-खाली राहिली तर ट्रॅक्टर सुटताना झटके देतो. जोडताना दोन्ही भाग सहज भिडले पाहिजेत, भिडत नसतील तर बोल्टनं ओढून आणू नका, फ्लायव्हील थोडं फिरवा म्हणजे शाफ्टचे दाते बसतात.

पहिले काही तास हलकं काम द्या, रोटाव्हेटर लगेच लावू नका, आणि नंतर प्ले परत मोजा. कोकणात, भंडारा-गोंदियाकडं भाताची चिखलणी करणाऱ्यांनी क्लच हाउसिंगच्या तळाचं भोक आधी प्लगनं बंद करायचं, पण चिखलणी संपली की प्लग आठवणीनं काढायचा, आत साचलेलं पाणी, तेल तिथूनच बाहेर पडतं.