लॅपटॉप चालू व्हायला पाच मिनिटं लागतायत? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

आमच्या बिल्डिंगमधले एक काका सोसायटीचे खजिनदार आहेत, आणि दर महिन्याच्या एक तारखेला मेंटेनन्सची बिलं काढायची म्हटलं की त्यांचा लॅपटॉप बसकण मारतो. सकाळी बटण दाबायचं, मग पूजा, मग चहा, आणि चहा संपला की डेस्कटॉप दिसायला लागतो पण एक्सेलवर क्लिक केलं की परत तो निळा गोल फिरत बसतो. दुकानात दाखवला तर तिथल्या माणसाने दोन मिनिटं बघून सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या." काका माझ्याकडे आले ते हेच विचारायला, की आधी फॉरमॅट मारून बघू का. म्हटलं काका थांबा, फॉरमॅट नंतर, आधी तो अडतोय कुठे ते बघू.

सगळा मुद्दा इथेच आहे. स्लो लॅपटॉपचं कारण बहुतेक वेळा चारपैकी एक असतं, डिस्क, रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), उष्णता नाहीतर मागे गुपचूप चालणारा कचरा, आणि यातलं नेमकं कोणतं हे कळायला एक रुपयाही लागत नाही, विंडोजमध्येच सगळं दिसतं. लोक मात्र आधी रॅम घेऊन येतात, मग "क्लीनर" टाकतात, मग फॉरमॅट मारतात, आणि शेवटी कळतं की हार्ड डिस्कच मरायला टेकली होती.

तर पहिली गोष्ट, रीस्टार्ट करा. शटडाउन नाही, रीस्टार्ट. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे, त्यात शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलतात, म्हणजे तुम्ही रोज रात्री बंद करताय असं वाटतं पण आतली सिस्टीम महिनाभर ताजी झालेलीच नसते. टास्क मॅनेजरमध्ये (कसा उघडायचा ते पुढे सांगतो) परफॉर्मन्स, मग सीपीयू म्हणजे प्रोसेसर बघा, तिथे खाली अपटाइम लिहिलेला असतो, म्हणजे सिस्टीम न थांबता किती वेळ चालू आहे ते. काकांचा निघाला २३ दिवस! रोज बंद करूनही. काही जण हे फास्ट स्टार्टअप सरळ बंद करायला सांगतात पण जुनी हार्ड डिस्क असेल तर त्याने चालू व्हायचा वेळ अजून वाढतो, म्हणून मी म्हणतो राहू दे, आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा, संपलं.

रीस्टार्टने फरक पडला नाही तर आता खरी तपासणी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, छोटी खिडकी आली तर खाली मोअर डीटेल्स दाबा. लॅपटॉप नुकताच चालू झालेला असताना, काहीही न उघडता, नुसतं पाच मिनिटं बघत बसा. सीपीयू, मेमरी, डिस्क असे कॉलम दिसतात, कोणता आकडा शंभरच्या आसपास चिकटून बसलाय तो आपला आरोपी.

डिस्क १०० टक्के दिसत असेल, आणि २०१९-२० च्या आधीच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये बहुतेकदा तेच दिसतं, तर परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा. आधी प्रकार बघा, एचडीडी लिहिलंय की एसएसडी. एसएसडीत फिरणारं काही नसतं, सगळं चिपवर; एचडीडी म्हणजे फिरणारी तबकडी, लॅपटॉपमध्ये साधारण मिनिटाला ५४०० फेरे, आणि वाचणारा काटा प्रत्येक वेळी जागा शोधत इकडून तिकडे पळतो. एक मोठा पिक्चर कॉपी करायचा तर ती बरी चालते, सेकंदाला ८०-१०० एमबी सहज, पण विंडोज चालू होताना हजारो बारक्या फायली वेगवेगळ्या कोपऱ्यांतून उचलायच्या असतात, तिथे तिचा वेग एक एमबीच्या खालीही घसरतो. म्हणून लोक म्हणतात "प्रोसेसर आय फाइव्ह आहे तरी स्लो का". प्रोसेसर बिचारा हातावर हात ठेवून बसलेला असतो हो, डिस्क देईल तेव्हा काम करणार.

त्याच पानावर ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम असतो, मिलिसेकंदात. कोणी बघत नाही हा आकडा आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा हाच आहे. एसएसडीला बहुतेक वेळ तो एक-दोनच्या घरात असतो, ठीकठाक हार्ड डिस्कला काम करताना दहा-वीसच्या घरात, पण तुम्हाला तिथे सतत हजार, दोन हजार दिसत असतील आणि डेटाचा वेग मात्र किरकोळ केबीमध्ये, तर डिस्क नुसती स्लो नाहीये, खराब व्हायला लागलीये. काकांची तीच गत होती. अशा वेळी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं डिस्कची तब्येत दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून बघा, वर निळं गुड दिसलं तर बरं, पिवळं कॉशन दिसलं आणि खाली रीॲलोकेटेड सेक्टर्स किंवा करंट पेंडिंग सेक्टर्ससमोर (डिस्कवरचे खराब झालेले आणि संशयित तुकडे) शून्य सोडून दुसरं काही असलं, तर हा लेख इथेच सोडा आणि आधी डेटा बाहेर काढा. गंभीरपणे सांगतोय. फोटो, टॅलीचा डेटा फोल्डर, सोसायटीच्या एक्सेल शीट, जे परत मिळणार नाही ते सगळं. अशा डिस्कवर डीफ्रॅग, चेकडिस्क वगैरे डिस्क नीट करणारी विंडोजची साधनं चालवायच्या भानगडीत पडू नका, मरणाऱ्या डिस्कला पळायला लावण्यासारखं आहे ते.

डिस्क ठीक आहे पण मेमरी ८५-९० टक्क्यांवर, तर प्रश्न रॅमचा. ४ जीबी रॅममध्ये विंडोज १० स्वतःच दीड-दोन जीबी खाऊन बसतं, मग क्रोमचे दहा टॅब आणि व्हॉट्सॲप वेब उघडलं की जागाच उरत नाही, आणि जागा उरली नाही की विंडोज रॅममधला माल डिस्कवर टाकायला लागतं, आणि डिस्क हार्ड डिस्क असेल तर दोघंही गेले. म्हणजे गंमत अशी की रॅम कमी असली तरी टास्क मॅनेजरमध्ये १०० टक्के डिस्कच दिसू शकते, म्हणून दोन्ही कॉलम एकत्र बघा. रॅम वाढवता येते का तेही तिथेच कळतं, मेमरीवर क्लिक केलं की खाली स्लॉट्स यूज्ड असतं, दोनपैकी एक वापरलाय असं दिसलं तर मस्त. फॉर्म फॅक्टरसमोर सोडिम असेल तर काढता-घालता येणारी पट्टी आहे, रो ऑफ चिप्स असेल तर ती बोर्डावरच चिकटवलेली, तरी एखादा रिकामा स्लॉट असू शकतो, मॉडेल नंबर टाकून खात्री करा. आणि पट्टी घेताना डीडीआर ३ की ४ हे नीट बघून घ्या, एकाची पट्टी दुसऱ्यात बसतच नाही, दुकानदार परतही घेत नाही.

सीपीयू शंभर असेल तर प्रोसेसेसमध्ये सीपीयूच्या कॉलमवर क्लिक करून सगळ्यात वर कोण बसलंय ते बघा. विंडोज अपडेट किंवा अँटिव्हायरसचं स्कॅन असेल तर अर्धा तास होऊ द्या, मध्येच बंद करू नका, नाहीतर उद्या परत पहिल्यापासून. दोन अँटिव्हायरस असतील तर एक उडवा, दोघं एकमेकांवर पहारा देत बसतात, घरच्या वापराला विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो. आणि काहीतरी अनोळखी नावाचं सतत सीपीयू खात असेल आणि तुमचं विंडोज किंवा फोटोशॉप "फुकट ॲक्टिव्हेट" केलेलं असेल तर... समजून जा. त्या ॲक्टिव्हेटरबरोबर काय काय येतं ते सांगायला नको, अशा केसमध्ये मी साफसफाई करत बसत नाही, सरळ नव्याने इन्स्टॉल करतो.

यातलं काहीच शंभर नाही तरी लॅपटॉप रांगतोय? मग सीपीयूच्या पानावर स्पीडचा आकडा बघा, काम चालू असताना. नुसता बसलेला असताना वेग कमी असणं बरोबरच आहे, पण व्हिडिओ चालू आहे, एक्सेल उघडतंय आणि तरी वेग ०.८ गीगाहर्ट्झच्या वर जातच नाही, तर तो तापलाय नाहीतर चार्जरचा लोचा आहे. काही कंपन्यांचे लॅपटॉप डुप्लिकेट किंवा पिन बिघडलेला चार्जर ओळखत नाहीत आणि मुद्दाम वेग पाडतात, चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, सुधारला तर पकडला गेला चोर. उष्णतेचं म्हणाल तर दोन-तीन वर्षांत पंख्याच्या जाळीवर धुळीचा अक्षरशः नमदा तयार होतो, त्यात आपण लॅपटॉप गादीवर ठेवून वापरणार. ब्लोअरने साफ करता येतं, पण पंख्यात काडी अडकवून तो धरून ठेवा, हवेने गरागरा फिरवू नका. उघडणारच असाल तर प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्टही बदलून घ्या. आणि हो, टचपॅड वर उचलल्यासारखं वाटत असेल तर बॅटरी फुगलीये, वापर थांबवा आणि तसाच दुकानात न्या, स्वतः टोचाटोची नको.

आता फुकटचे उपाय. टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअपचं पान असतं, तिथे स्टार्टअप इम्पॅक्ट हाय असलेलं जे काही आहे, मीटिंगची ॲप, गेम लाँचर, प्रिंटरचे मदतनीस, गाण्यांची ॲप, ते राइट क्लिक करून डिसेबल करा. डिसेबल म्हणजे डिलीट नाही, लागेल तेव्हा हाताने उघडतंच. डिफेंडर, टचपॅड आणि साउंडचं राहू द्या. त्याच पानावर लास्ट बायोस टाइम असा आकडा असतो, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या तयारीला लागलेला वेळ, तो १५-२० सेकंद असेल तर विंडोज बिचारं अजून सुरूच झालेलं नसतं, बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह लावून ठेवलाय का बघा.

सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर सेटिंग्जमध्ये स्टोरेज, तिथे टेम्पररी फाइल्स. त्या यादीत डाउनलोड्स फोल्डरही असतो, त्यावर टिक करायच्या आधी दहा वेळा विचार करा, एकाच्या मुलीचं ॲडमिट कार्ड गेलं होतं त्यात. १५-२० टक्के जागा मोकळी राहील असं बघा. डीटीपी करणाऱ्यांसाठी खास, लग्नपत्रिकांचे म्हणून जे आठशे फॉन्ट एकदम टाकून ठेवलेत ना, त्यातले लागतात तेवढेच ठेवा, सॉफ्टवेअर उघडायला वेळ लागतो त्याचं ते एक कारण असतं. रजिस्ट्री क्लीनर, पीसी बूस्टर असल्या गोष्टी टाकू नका, बहुतेक स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात.

काकांकडे परत येतो. २०१७ चा आय थ्री, ४ जीबी, १ टीबी हार्ड डिस्क. डेटा काढला, २५६ जीबीची साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी टाकली, रॅमची अजून ४ जीबीची पट्टी. अडीच इंची साटा एसएसडी जुन्या डिस्कच्या जागी तशीच बसते, सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते आणि मुख्य म्हणजे तिला काटा नाही. डिस्क धडधाकट असती तर आधी तिचे पार्टिशन नव्या डिस्कवर मावतील एवढे लहान करून क्लोनझिला नावाच्या नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरने उतरवली असती, पण खराब डिस्कवरून क्लोन नको म्हणून विंडोज नव्याने टाकलं, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. ओरिजिनल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असल्यामुळे नेट लावल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट झालं. तुमच्याकडे बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर स्क्रू काढायच्या आधी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नंतर रडायची वेळ येते. डिजिटल सिग्नेचरचा टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर परत टाकायचं लक्षात ठेवा.

साडेचार मिनिटांचे बावीस सेकंद झाले. काकांना वाटलं स्क्रीनच नवीन लावली.

प्रत्येक लॅपटॉपवर हा खर्च करू नका मात्र. सेलेरॉन हा स्वस्तातला प्रोसेसर आणि ३२ किंवा ६४ जीबी ईएमएमसी स्टोरेज असलेले जे बारके लॅपटॉप येतात त्यात स्टोरेज बोर्डावरच असतं, बऱ्याच मॉडेलमध्ये बदलायला काही नसतंच. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, काकांचा सहाव्या पिढीचा. त्यांना सांगितलंय, एक्स्टेंडेड अपडेट्सला नाव नोंदवून अजून थोडा काळ काढा, नंतर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकून देतो नाहीतर तेव्हा नवीन घ्या, ही एसएसडी केसिंगमध्ये घालून पेन ड्राइव्हसारखी वापरता येईल. जुनी हार्ड डिस्क मात्र भंगारात देऊ नका म्हटलं, त्यात अख्ख्या सोसायटीचे फोन नंबर आणि बँक खाती आहेत. ती सध्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, रविवारी हातोडा घेऊन बसणार आहे.