वाकडीतिकडी यूआरएल आली तर सर्व्हरने काय करायचं

रावेर-चोपड्याकडे केळीचे भाव व्हॉट्सॲपवरच फिरतात आणि तिथून कॉपी केलेली लिंक आपल्या ॲपमधे पेस्ट होते तेव्हा तिला काय काय चिकटलेलं असतं, पुढे स्पेस, शेवटी पूर्णविराम, मधेच एंटर, कधी एक स्लॅशच गायब. जळगाव-धुळ्यात बसून असं ॲप बनवत असाल, आणि ती लिंक तुमचा सर्व्हर स्वतः उघडत असेल, तर भाऊ हे नीट वाचा.

कडेची स्पेस काढा, बस. बाकी दुरुस्तीच्या भानगडीत पडूच नका. "लिंक चुकीची आहे, परत टाका" असं सरळ सांगा, कोणी रागवत नाही. मधे एंटर किंवा दुसरं कंट्रोल कॅरेक्टर (न दिसणारं खास चिन्ह) दिसलं की पार्स करायच्या, म्हणजे लिंकचे भाग वेगळे करायच्या, आधीच नाकारा, कारण ते तसंच रिक्वेस्टमधे गेलं तर समोरच्या सर्व्हरला वाटतं नवीन हेडर (रिक्वेस्टमधली माहितीची ओळ) सुरू झालं.

स्वतःचा रेजेक्स (अक्षरं जुळवायचा नमुना) लिहू नका, भाषेची लायब्ररी वापरा, पण पार्सरने एरर दिला नाही म्हणजे लिंक बरोबर असंही नाही. पायथनचा यूआरएलस्प्लिट (लिंक पार्स करणारं फंक्शन) पोर्ट ९९९९९ असा मर्यादेबाहेरचा असला तरी गुपचूप घेतो, व्हॅल्यूएरर येतो तो नंतर पोर्ट वाचायला गेलं की, आणि आयपीव्ही६ पत्त्याचा चौकोनी कंस बंद नसेल तर मात्र पार्स करतानाच येतो. म्हणून पार्स करायची आणि पोर्ट वाचायची, दोन्ही ओळी एकाच ट्रायमधे ठेवा.

खरा धोका पुढे आहे. 'एचटीटीपीएस://बँक.कॉम@चोर.कॉम' यात होस्ट (म्हणजे लिंक जिथे जाते तो सर्व्हर) चोर.कॉम आहे, ॲटच्या आधीचं सगळं युजरनेम. त्यात उलटा स्लॅश घातला की ब्राउझर त्याला साधा स्लॅश समजतो आणि काही लायब्ऱ्या समजत नाहीत, म्हणजे तपासलं एका होस्टला आणि कनेक्ट झालं दुसऱ्याला. त्यामुळे एकच पार्सर, एकदाच पार्स, आणि तपासणी आणि कनेक्शन दोन्हीला त्यातूनच निघालेला होस्ट. युजरनेमवाली लिंक मी तर सरळ नाकारतो.

नुसतं 'लोकलहोस्ट' हे नाव ब्लॉक करून काही होत नाही, २१३०७०६४३३ हा आकडा म्हणजे पण १२७.०.०.१च, सर्व्हरचा स्वतःचाच पत्ता. आधी डीएनएसने होस्टच्या नावावरून आयपी (आकड्यांतला पत्ता) काढा, तो खाजगी (आतल्या नेटवर्कचा), लूपबॅक (स्वतःचाच) किंवा १६९.२५४ने सुरू होणारा असेल तर थांबा (१६९.२५४.१६९.२५४ वर क्लाउडची मेटाडेटा सर्व्हिस, म्हणजे तुमच्या सर्व्हरची माहिती देणारी सेवा असते, तिथून गुप्त की चोरीला जाऊ शकतात), आणि कनेक्ट त्याच तपासलेल्या आयपीला करा, परत डीएनएस विचारू नका. रीडायरेक्ट (दुसऱ्या लिंकवर पाठवणारं उत्तर) आला की ही सगळी तपासणी पहिल्यापासून.

.भारत वाले देवनागरी डोमेन आधी प्युनिकोडमधे (इंग्रजी अक्षरांतल्या रूपात) बदला मगच तुमच्या परवानगीच्या किंवा ब्लॉकच्या यादीशी जुळवा. होस्टची लांबी २५३ अक्षरांपर्यंत, टिंबांमधला एकेक भाग ६३ पर्यंत. नाकारलेली लिंक लॉगमधे टाकताना पासवर्ड आणि टोकन काढून, एंटर एस्केप करूनच टाका, नाहीतर कोणीही तुमच्या लॉगमधे खोट्या ओळी घुसवू शकतो.