शाळेत कॅनडाचा सिनेमा दाखवायचाय? मध्यंतर कुठे घ्यायचं ते आधी ठरवा

ओंटारिओतल्या हायस्कूलमध्ये मुलांना कॅनडाचे सिनेमे दाखवायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. दरवर्षी कुणा नव्या शिक्षकाचा, नाहीतर शाळेच्या कौन्सिलवर गेलेल्या एखाद्या मराठी पालकाचा फोन येतोच, "सुरुवात कुठून करू?" तोवर त्यांना कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की देशाची ओळख करून द्यायची तर जुन्या, गाजलेल्या सिनेमापासून क्रमाने या. हे मुळीच ऐकू नका. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना सिनेमा काढ्यासारखा पाजता येत नाही. इतिहास नंतर सांगता येतो. आधी त्यांना पडद्यावरच्या एखाद्या माणसाची काळजी वाटली पाहिजे.

पहिल्या दिवशी मोठा सिनेमा लावूच नका. नॅशनल फिल्म बोर्ड ही सरकारी संस्था १९३९ पासून सिनेमे काढते आहे आणि तिच्या साइटवर कितीतरी लघुपट फुकट पाहता येतात. नॉर्मन मॅकलॅरनचा 'नेबर्स' (१९५२) आठ मिनिटांचा आहे. दोन शेजारी एका फुलावरून भांडू लागतात आणि ते भांडण दोघांच्या घरादारावर येतं. संवाद एकही नाही, त्यामुळे कालच विमानातून उतरलेल्या मुलालाही तो तितकाच कळतो. शेवट मात्र हिंसक आहे, तो आधी स्वतः पाहून घ्या. टोरांटोच्या आसपास असाल तर 'द स्वेटर' (१९८०) लावा. मॉन्ट्रियलच्या हॉकी संघावर जीव टाकणाऱ्या क्वेबेकच्या खेड्यातल्या पोराला टपालाने चुकून टोरांटोच्या संघाचा स्वेटर येतो, तिथे वर्ग आपोआप जागा होतो. याच दिवशी कुणीतरी विचारेल, "टर्निंग रेड चालेल का?" गोष्ट टोरांटोची आणि दिग्दर्शिका टोरांटोत वाढलेली असली तरी सिनेमा अमेरिकेतल्या पिक्सारचा आहे. देश कशावरून ठरवायचा, यावर पाच मिनिटं वाद होऊ द्या. तो पुढे उपयोगी पडतो.

परवानगीबद्दल उगाच घाबरवलं जातं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. तेव्हापासून शाळेच्या आवारात, शिकवण्यासाठी, नफा न कमावता, मुख्यतः विद्यार्थ्यांपुढे सिनेमा दाखवायला वेगळा परवाना लागत नाही, फक्त प्रत कायदेशीर हवी. संध्याकाळी पालकांना बोलावून तिकीट लावलंत तर ही सवलत धरू नका. घरचं स्ट्रीमिंगचं खातं वर्गात वापरण्याआधी त्याच्या अटी वाचा. सोपा मार्ग म्हणजे शाळेच्या किंवा सार्वजनिक लायब्ररीची डीव्हीडी.

जिममध्ये अख्खी शाळा बसवू नका. आवाज घुमतो आणि मागच्या रांगांना एक वाक्य ऐकू येत नाही. एक वर्ग, फार तर दोन. सबटायटल इंग्रजी सिनेमालाही चालू ठेवा. "मुलं वाचत बसणार नाहीत" असं म्हणणाऱ्यांनी आजची मुलं घरी काय पाहतात ते एकदा विचारावं. ॲनिमे, कोरियन मालिका, हिंदी-पंजाबी सिनेमे, सगळं सबटायटलवरच चाललेलं असतं.

आता खरी अडचण. हिच्याशी मी सगळ्यात जास्त झगडले आहे. आमच्याकडे पीरियड ७५ मिनिटांचा. हजेरी, दिवे, पडदे यात दहा मिनिटं जातात आणि शेवटी बोलायलाही थोडी लागतात. हातात राहते जेमतेम तासभर आणि बहुतेक सिनेमे दीड तासाच्या पुढचे. म्हणजे तो दोन दिवसांत दाखवणं आलं. आपल्याकडचे सिनेमे मध्यंतर धरूनच लिहिलेले असतात, पडदा पडताना मनात काहीतरी टांगलेलं राहतं. इथल्या सिनेमांना ती जागा नसते. ती तुम्हालाच शोधावी लागते आणि तिच्यावरच दुसऱ्या दिवसाचं सगळं अवलंबून असतं.

घंटा होईल तिथे थांबवणं हा सर्वांत वाईट पर्याय. प्रसंग अर्धवट तुटतो, मुलं दप्तरं उचलतात, दुसऱ्या दिवशी कुणाला काही आठवत नाही. फक्त 'महत्त्वाचे' प्रसंग दाखवा, हा सल्लाही मला मान्य नाही, तुकडे पाहणं म्हणजे सिनेमा पाहणं नव्हे. आणि दर दहा मिनिटांनी थांबवून वर्कशीट भरून घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, हे करू नका. मुलांच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात असतं आणि आपण त्यांना प्रश्न क्रमांक चार विचारतो.

हे कसं करायचं ते एका सिनेमावर दाखवते. फिलिप फालार्दोचा 'मॉन्स्यू लझार' (२०११), ९४ मिनिटं, फ्रेंच. मॉन्ट्रियलमधल्या प्राथमिक शाळेत एक शिक्षिका वर्गातच गळफास घेते आणि तिच्या जागी अल्जीरियातून आश्रयाला आलेले बशीर लझार येतात. घरी एकट्याने, घड्याळ आणि कागद घेऊन सिनेमा पूर्ण पाहा. प्रसंग पुरा झालाय, पण त्यातून निघालेला प्रश्न सुटलेला नाही, अशा दोन-तीन जागांची वेळ टिपून ठेवा. इथे माझी जागा ठरलेली आहे. ॲलिस नावाची मुलगी वर्गापुढे उभी राहून आपला निबंध वाचते. आम्ही दांडगाई केली तर शिक्षा होते, पण बाईंना शिक्षा करता येत नाही कारण त्या मेल्या, असं ती सरळ बोलून टाकते. लझारना तो निबंध इतर वर्गांनीही वाचावा असं वाटतं, मुख्याध्यापिका नको म्हणतात. इथे थांबवा. तुमच्यासमोरच्या मुलांना तोवर लझारच्या घरच्यांचं काय झालं ते ठाऊक असतं आणि पडद्यावरच्या शाळेला त्याचा पत्ता नसतो.

दिवे लगेच लावू नका. मग एकच प्रश्न विचारा, निबंध वाटायला हवा होता का? 'थीम काय आहे' हे आज नाही. घंटेला दहा मिनिटं असताना थांबलात तरच हे जमतं, म्हणून टिपलेल्या वेळेपासून उलट मोजून सिनेमा सुरू करा. दुसऱ्या दिवशी आधीची गोष्ट तुम्ही सांगू नका. काल न आलेल्यांना ती इतर मुलांनी सांगायची, तुम्ही फक्त ऐकायचं. कुणी काय गाळलं, कुणाला काय आठवलं, यातूनच तुम्हाला वर्ग कळतो. मग काल पाहिलेली शेवटची दोन मिनिटं पुन्हा दाखवून पुढे जा.

या सिनेमाबाबत एक सक्त सूचना. आत्महत्येचा प्रसंग सुरुवातीच्या काही मिनिटांतच आहे. आदल्या आठवड्यात गायडन्स काउन्सिलरशी, म्हणजे शाळेच्या समुपदेशकाशी बोला, घरी पत्र पाठवा. वर्गातल्या कुणाच्या घरात असं काही घडलं असेल तर त्या मुलाला एकट्याला गाठून काय दिसणार आहे ते सांगा आणि न येण्याची मुभा द्या. कारण विचारू नका. हे करायला वेळ नसेल तर दुसरा सिनेमा निवडा.

पुढच्या टप्प्यावर, बारावीसाठी, मी कॅनडात स्थायिक झालेल्या दिग्दर्शिका दीपा मेहतांचा 'वॉटर' (२००५) घेते. वाराणसीत २००० साली निदर्शकांनी चित्रीकरण बंद पाडलं, मग तो श्रीलंकेत झाला. भाषा हिंदी, गोष्ट विधवाश्रमातली, आणि तरी ऑस्करच्या परभाषिक विभागात नामांकन मिळालं ते कॅनडाचा सिनेमा म्हणून. 'टर्निंग रेड'वरचा वाद इथे पुन्हा काढा. केशवपन, सोवळेपण या गोष्टी ज्यांनी आजीकडून ऐकल्यात अशी मुलं वर्गात असली तर त्यांना आधी बोलू द्या. लहान मुलीच्या शोषणाचा भाग आहे, म्हणून त्याखालच्या वर्गांना नको. झकारायस कुनुकचा 'अतानारजुआत' (२००१) पूर्ण इनुक्टिटुट भाषेत, म्हणजे उत्तरेकडच्या इनुइट आदिवासींच्या भाषेत आहे आणि विलक्षण आहे, पण तो जवळजवळ तीन तासांचा, म्हणजे दोन मध्यंतरं. वर्गाला सवय झाल्यावरच घ्या.

एकटीने सगळं ओढू नका. रील कॅनडा ही संस्था शाळांना असे कार्यक्रम करायला मदत करते आणि एप्रिलमध्ये देशभर कॅनेडियन फिल्म डे असतो. तुमची तारीख मात्र जानेवारीतच व्हाइस प्रिन्सिपलकडून लेखी घ्या, सलग दोन दिवसांची. मार्च ब्रेकनंतर सहली आणि चाचण्या सुरू होतात आणि सगळ्यात आधी तो दुसरा दिवसच हातचा जातो.