बडोदा ते न्यूयॉर्क: तास मोजायचे ते घरापासून

लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला आपल्याकडून आई-बाबा अमेरिकेला निघाले की दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत सगळे आधी वजनकाटा शोधतात. बॅगा होतील हो, आधी तारीख बघा. तिकिटावर 15 तारीख आणि रात्री 1 ची वेळ असेल, तर घर 14 लाच सोडायचं. विमान मुंबईहून, आणि आमच्या घरी मुंबईच्या गाडीचं रिझर्वेशन 15 चं झालं होतं. सासऱ्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवून पुन्हा मोजलं, म्हणून वेळेत लक्षात आलं.

मग तास मोजा. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे 12,500 किलोमीटर, थेट विमानाला 16 तासांच्या आसपास लागतात. एखाद्या देशाचं आकाश बंद असलं तर आणखी. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणून रात्री 1 ला उडालेलं विमान तिथल्या सकाळी साडेसातला उतरतं. कागदावर साडेसहाच तास दिसतात, त्यावर जाऊ नका. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे सरकली की फरक साडेदहा तासांचा होतो. येताना उंचावरचे पश्चिमेचे वारे पाठीशी असतात, त्यामुळे तास-दीड तास वाचतो.

आता घरापासून धरा. दुपारी 2 ला निघून गाडीने बोरिवली, तिथून विमानतळ, उड्डाणाआधी चार तास हातात. उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि लेकीच्या घरापर्यंतचा रस्ता मिळून तीन तास. एकूण 30 तास होतात, आणि औषधं, खाणं, झोप यांची तयारी या 30 तासांची करायची.

औषधांवर मात्र अर्धा दिवस घालवा. रोज सकाळी 8 ची बीपीची गोळी विमानात येते, उड्डाणानंतर सात तासांनी. सासूबाईंच्या डबीत प्रत्येक गोळीला मी चिठ्ठी लावली होती: वर भारतातली वेळ, खाली तिथली. एक जुनं घड्याळ त्यांनी भारताच्याच वेळेवर ठेवलं आणि पोहोचेपर्यंत त्याकडेच पाहिलं. इन्सुलिनचे डोस आणि तिथली वेळ कशी धरायची हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. सगळी औषधं प्रिस्क्रिप्शनसह हातातल्या पिशवीत, पॉवर बँकही तिथेच.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. डिंकाचे लाडू न्या, पण कस्टम्सच्या प्रश्नाला ‘खाण्याच्या वस्तू आहेत’ असंच उत्तर द्या. ताजी फळं, बिया नकोत.

आणि बाबांना निघण्याआधी नातवाच्या पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून दाखवा. नकाशावरची रेघ अरबस्तानावरून जाते, दोरा मात्र थेट नॉर्वे-स्वीडनकडे चढतो. विमानातल्या पडद्यावर उत्तरेचे देश दिसले की ते घाबरणार नाहीत.