जुनी ‘फनी ॲनिमल’ कॉमिक्स कशी जमवावीत

नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर हिंदीतून ‘डकटेल्स’ पाहिलेल्या कुणालाही अंकल स्क्रूजची ओळख करून द्यावी लागत नाही. पण हा कंजूष बदक टीव्हीवर जन्मला नाही. अमेरिकेतल्या डेल कंपनीच्या डिसेंबर १९४७च्या एका दहा सेंटच्या अंकात तो पहिल्यांदा आला. तो ज्याने घडवला त्या कार्ल बार्क्सचं नाव त्या अंकात कुठेच छापलेलं नव्हतं.

बोलक्या प्राण्यांच्या विनोदी कॉमिक्सना अमेरिकेत ‘फनी ॲनिमल’ म्हणतात. त्यांचा खरा बहर १९४० ते १९६०च्या दरम्यानचा. हे अंक विकत घ्यायची लहान मुलं, आणि ती जमिनीवर पालथं पडून, जेवता जेवता, धाकट्या भावंडांशी ओढाताण करत वाचायची. त्यामुळे आज हाती येणारा अंक बहुधा जीर्णच असतो. सुपरहिरोंचे संग्राहक कोऱ्याकरकरीत प्रतीमागे धावतात, ते या प्रकाराला लागू करू नका. इथे दोनच गोष्टी बघायच्या: चित्रं कुणाच्या हातची आहेत आणि पानं सगळी आहेत का.

आधी वाचा

मूळ अंक घेण्याआधी किमान सहा महिने पुनर्मुद्रणं वाचा. बार्क्सच्या कथा सिएटलच्या फँटाग्राफिक्सने २०११पासून बांधीव पुस्तकांत काढल्या आहेत. त्या वाचल्याने खर्च वाचतो, आणि नजर तयार होते ती वेगळीच.

बार्क्सने डिस्नेच्या स्टुडिओतली नोकरी १९४२ मध्ये सोडली आणि १९६६ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो कॉमिक्स करत राहिला. अंकांवर नाव डिस्नेचं असायचं. तरीही मुलांना फरक कळायचा. नाव ठाऊक नसल्यामुळे वाचक त्याला नुसतं ‘द गुड डक आर्टिस्ट’, म्हणजे ‘तो चांगला बदकवाला’ म्हणायचे. १९६०च्या सुमारास काही चाहत्यांनी पत्रं पाठवून पाठपुरावा केला आणि त्याचं नाव शोधून काढलं. त्या मुलांना जे दिसत होतं ते तुम्हालाही दिसायला लागतं. ‘लॉस्ट इन द अँडीज’ (१९४९) ही चौकोनी अंड्यांची कथा उघडा आणि बदकांच्या मागचं चित्र पाहा. डोंगर, धुकं, दगडी भिंती असं सगळं मन लावून काढलेलं आहे. असल्या जागांसाठी बार्क्स ‘नॅशनल जिऑग्राफिक’चे अंक चाळायचा. त्याच काळातल्या दुसऱ्या एखाद्या चित्रकाराची डोनाल्डची कथा शेजारी ठेवा. तिथे मागे बहुधा सपाट रंग आणि एखादं झुडूप एवढंच सापडेल.

एकच धागा धरा

सगळंच जमवायला गेलात तर घर भरेल आणि संग्रह काही उभा राहणार नाही. डेलच्या एकट्या ‘फोर कलर’ मालिकेचे १,३००हून अधिक अंक निघाले. त्यात प्राणी आहेत, काउबॉय आहेत, सिनेमेही आहेत. म्हणून एक धागा निवडा.

बार्क्स हा सर्वात लोकप्रिय धागा, त्यामुळे महागही. त्याच्या दहा पानी डोनाल्ड कथा ‘वॉल्ट डिस्नेज कॉमिक्स अँड स्टोरीज’ या मासिकात यायच्या. हे मासिक ऑक्टोबर १९४०ला सुरू झालं आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा खप महिन्याला ३० लाखांवर गेला होता. त्याचे पन्नाशीतले अंक आजही पुष्कळ मिळतात ते याच खपामुळे. सुरुवात इथून करा.

दुसरा धागा वॉल्ट केलीचा. दलदलीत राहणारा त्याचा पोगो हा ओपॉसम (अमेरिकेतला पिशवीवाला छोटा प्राणी) पुढे वर्तमानपत्रांतून गाजला, पण तो आधी डेलच्या ‘ॲनिमल कॉमिक्स’मध्ये अवतरला होता. तिथे सुरुवातीला तो दुय्यम पात्र होता आणि खरा भाव खायचा तो अल्बर्ट नावाचा मगर.

मला स्वतःला सर्वात जवळचा धागा कोल्हा-कावळ्याचा. डीसी म्हटलं की लोकांना सुपरमॅन आठवतो, पण याच डीसीने १९४५ पासून आधी ‘रिअल स्क्रीन’मध्ये आणि नंतर स्वतंत्र अंकांतून ‘द फॉक्स अँड द क्रो’ चालवलं, तेही १९६८ पर्यंत. आपण लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत कोल्हा कावळ्याची स्तुती करून त्याच्या चोचीतला घास पळवतो. इथे दर खेपेला कावळाच कोल्ह्याला गंडवतो. जिम डेव्हिसने ही जोडी वर्षानुवर्षं काढली. तो मूळचा ॲनिमेशनवाला. या काळात कार्टून स्टुडिओंत काम करणारे कितीतरी जण फावल्या वेळात कॉमिक्स काढायचे, आणि त्यामुळे स्थिर चौकटीतसुद्धा प्राणी धावतोय असं वाटतं. बार्क्सच्या तुलनेत हे अंक स्वस्त पडतात. पैसे जपून वापरायचे असतील तर मी हाच धागा सुचवेन.

आणखी एक गमतीचा धागा म्हणजे उडणारे प्राणी: फॉसेटचा हॉपी हा ससा, ‘कू कू कॉमिक्स’मधला सुपरमाउस (दोघेही १९४२चे), चार्लटनचा ॲटॉमिक माउस (१९५३).

अंक नेमका कोणता ते ओळखा

डेलचे अंक नवख्या माणसाला हमखास गोंधळात टाकतात. उदाहरणार्थ, ‘अंकल स्क्रूज’चा स्वतंत्र अंक क्रमांक १ शोधू नका, कारण त्या क्रमांकाने तो निघालाच नाही. पहिले तीन अंक ‘फोर कलर’चे ३८६, ४५६ आणि ४९५ म्हणून निघाले आणि स्वतःचा क्रम थेट ४ पासून सुरू झाला.

मुखपृष्ठावर पुष्कळदा तारीखच नसते. मग मुखपृष्ठाच्या आतली बाजू किंवा पहिलं पान उघडा. तिथे तळाशी प्रकाशकाच्या बारीक अक्षरातल्या ओळी असतात, त्या वाचा. कित्येक डेल अंकांत कथेच्या पहिल्या पानावरच्या एखाद्या चौकटीतही मुंगीएवढ्या अक्षरात मालिकेची आद्याक्षरं आणि अंकाचा क्रमांक लिहिलेला असतो. भिंग घेऊन बसा. मुखपृष्ठ फाटून गेलेला अंक याच खुणेवरून ओळखता येतो.

किंमतही काळ सांगते. दहा सेंट असेल तर साधारण १९६१च्या आधीचा, डेलचा पंधरा सेंटचा असेल तर १९६१-६२च्या सुमाराचा. १९६२ मध्ये डेलचे अंक तयार करणाऱ्या वेस्टर्न छापखान्याने वेगळं होऊन ‘गोल्ड की’ सुरू केलं. १९५४ नंतर इतर कंपन्यांच्या मुखपृष्ठावर दिसणारा कॉमिक्स कोडचा (मजकूर मुलांना योग्य असल्याचा, प्रकाशकांच्याच संघटनेने दिलेला) शिक्का डेलवर नसतो. डेल त्या व्यवस्थेत गेलीच नाही, तेव्हा शिक्का दिसला नाही म्हणून शंका घेऊ नका. पक्की माहिती हवी असेल तर ‘ग्रँड कॉमिक्स डेटाबेस’ आणि डिस्नेसाठी ‘इंडक्स’ ही दोन्ही संकेतस्थळं फुकट आहेत. कोणत्या पानाचा चित्रकार कोण, हेही तिथे सापडतं.

पानं मोजा

ही पायरी कधीही गाळू नका. सुरुवातीच्या काळात मी एक अंक घेतला होता. मुखपृष्ठ सुरेख, रंग टवटवीत. घरी वाचायला बसलो तर डोनाल्ड बोटीत चढतोय आणि पुढच्याच पानावर भलतंच पात्र भलत्याच घरात. मधली जोडपानं नव्हती. विकणाऱ्याने ‘पूर्ण’ म्हणून विकला होता, आणि मीही मोजला नव्हता.

अंक पिनांवर बांधलेला असतो, म्हणजे प्रत्येक कागदाची चार पानं होतात. पन्नाशीतला नेहमीचा अंक आतली ३२ पानं आणि मुखपृष्ठाची चार, असा ३६ पानांचा. मधला एक कागद निसटला की १५ ते १८ ही पानं जातात आणि बाहेरून पत्ता लागत नाही. चाळीशीतले अंक जाड असतात, ५२ किंवा ६८ पानांचे. आत ८, १२ की १६ कागद आहेत ते मोजून घ्या. मग प्रत्येक पान उजेडासमोर धरा. जाहिरातीतलं कूपन कापलेलं असतं, आणि त्याच्याबरोबर मागच्या बाजूच्या कथेची चौकटही जाते. दुरून घेत असाल तर मधल्या पानांचा, पिनांचा आणि कण्याचा फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तो अंक सोडा.

मधोमध उभी घडी दिसली तर नाक मुरडू नका. वर्गणीदारांना अंक तसाच घडी घालून टपालाने जायचा. वाचायला त्याने काही बिघडत नाही, भाव मात्र उतरतो.

घेताना

अवस्था ०.५ ते १० अशा मापाने सांगतात. यात शब्द फसवे आहेत. ‘गुड’ म्हणजे २.०, म्हणजेच चांगला वापरलेला, मळलेला, पण पूर्ण अंक. या प्रकारासाठी २.० ते ४.० ही अवस्था मला सर्वात योग्य वाटते. किंमत आवाक्यात राहते आणि अंक उघडून वाचायला जीव धजावतो. २००० सालापासून सीजीसीसारख्या कंपन्या अंकाची अवस्था ठरवून तो प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद करून देतात. गुंतवणूक करणाऱ्याला ते ठीक असेल. पण कोल्हा-कावळा वाचता येणार नसेल तर तो घरात आणून काय करायचं?

भाव ठरवताना विक्रेता काय मागतोय त्यापेक्षा आधी प्रत्यक्ष काय किमतीला विकला गेलाय ते पाहा. हेरिटेजसारख्या लिलावगृहांच्या जुन्या नोंदी पाहायला मिळतात. परदेशातून एकेक अंक मागवला तर टपालखर्चच अंकापेक्षा जास्त होतो, शिवाय कस्टम्सचा हिशेब आधी विचारून घ्यावा लागतो. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात कुणी मावशी, चुलतभाऊ असेल तर वर्षभर त्यांच्या पत्त्यावर अंक जमू द्या आणि येताना दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून हातातल्या बॅगेतून आणायला सांगा.

आपल्या हवेत जपणं

हे अंक वर्तमानपत्राच्या कागदावर छापलेले. त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. उजेड आणि हवेने ते पिवळं पडतं, कागद आम्लधर्मी होऊन ठिसूळ होतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात त्यात बुरशी, कसर आणि गंजणाऱ्या पिनांची भर पडते.

प्रत्येक अंकाला मायलारचं (पारदर्शक पॉलिएस्टरचं), नाहीतर निदान पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट आणि मागे आम्लमुक्त पुठ्ठा द्या. पीव्हीसी नको. चाळीशीतले अंक रुंद असतात, आजच्या मापाच्या पाकिटात कोंबलेत तर कडा फाटतात. अंक खोक्यात उभे ठेवा. खोकं बाहेरच्या भिंतीला लागून किंवा जमिनीवर नको. कपाटात आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ठेवा, काटा ५० टक्क्यांच्या आसपास असावा. जूनपासून रंग बदलणारं सिलिका जेल ठेवा आणि रंग पालटला की सुकवून परत वापरा. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत. तो वास कागदातून पुन्हा जात नाही.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन शाईपर्यंत उतरतो. गंजलेली पीन स्वतः उपसू नका. वाचताना हात धुवून, पुसून, अंक टेबलावर सपाट ठेवा आणि १२० अंशांपेक्षा जास्त उघडू नका.

प्रत्येक अंकाची नोंद ठेवा: क्रमांक, चित्रकार, पानं मोजली का, कुठून आणि केवढ्याला घेतला. पुष्कळ अंकांच्या मुखपृष्ठावर कोपऱ्यात दुसरी-तिसरीतल्या अक्षरात पेन्सिलीने एखाद्या मुलाचं नाव लिहिलेलं असतं. ते खोडरबराने पुसू नका. नोंदवहीत तेही उतरवून घ्या.